बाहुबळ आणि ग्रंथबळ

आत्मसुधारणेच्या पुस्तकांना कोणत्याही काळीं गिऱ्हाइकांची वाण नसते. पहाटे कसें उठावें, आहार किती घ्यावा, राग कसा आवरावा, दिवसाचा हिशेब रात्रीं कसा मांडावा, हें सांगणारे ग्रंथ जितके खपतात तितकीं काव्यें खपत नाहींत; आणि एका खिशांत व्यायामाचें वेळापत्रक व दुसऱ्या खिशांत धर्मग्रंथाचें टिपण घेऊन हिंडणारा तरुण आज कोणत्याही मोठ्या शहरांत आढळतो. त्याची थट्टा करणें फार सोपें आहे, आणि म्हणूनच ती आम्हांस करावयाची नाहीं. शरीर कमवावें आणि मनही सुधारावें, ही इच्छा स्तुत्यच होय. परंतु हीं दोन्ही कामें एकाच माणसाच्या हातून होतात काय, आणि होत असल्यास कोणत्या अटीवर होतात, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाहीं. यहुदी वाङ्मयानें या प्रश्नाशीं सुमारें दोन हजार वर्षें झोंबी घेतली आहे. त्या वाङ्मयांतील कांहीं ग्रंथ या दृष्टीनें वाचून पाहावे, कोणाचें उत्तर टिकतें व कोणाचें लंगडें पडतें तें तपासावें, एवढाच आमचा हेतु आहे.

हें वाङ्मय मराठी वाचकानें अगदींच परकें मानण्याचें कारण नाहीं. कोंकण किनाऱ्यावरील बेने इस्राएल लोक पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलत आले; तेलाचे घाणे चालविणारे आणि शनिवारीं ते बंद ठेवणारे म्हणून "शनवार तेली" हें नांव त्यांस पडलें. अंगमेहनत आणि धर्मनियम या दोहोंची खूण एकाच नांवांत बाळगणारे हे लोक आपल्या शेजारचेच. तथापि एका बाबतींत आपला अनुभव आणि या वाङ्मयामागचा अनुभव मुळांतच निराळा आहे, तो ध्यानांत घेतल्यावांचून पुढील विवेचन उमगणार नाहीं. आपल्याकडे तालमींत मारुती असतो. पहिलवान लंगोट कसण्यापूर्वीं त्यास नमस्कार करतो, आणि समर्थांनीं गांवोगांवीं मारुती स्थापिले तेव्हांपासून बळ व भक्ति यांत कांहीं वैर असेल अशी शंकाही आपल्या मनास शिवत नाहीं.

यहुद्यांच्या इतिहासांत आरंभच वैरानें झाला. ख्रिस्तपूर्व १७५ च्या सुमारास, आंतियोखस एपिफानेस या ग्रीक राजाच्या कारकीर्दींत, यासोन नांवाच्या गृहस्थानें पैसे मोजून मुख्य याजकाचें पद मिळविलें आणि यरुशलेमेंत ग्रीक धर्तीची व्यायामशाळा बांधली. याजक वेदीची सेवा टाकून मल्लक्रीडेकडे धांवूं लागले, अशी तक्रार मक्काबींच्या दुसऱ्या ग्रंथाच्या कर्त्यानें केली आहे. ग्रीक लोक व्यायाम नग्न अवस्थेंत करीत. त्यामुळें सुंतेची खूण चारचौघांत दिसे, आणि ती झांकण्याचे उपायही कित्येकांनीं केले, असें पहिला ग्रंथ सांगतो. म्हणजे व्यायामशाळेंत शिरावयाचें तर देवाशीं केलेल्या कराराची अंगावरील खूणच लपवावयाची, असा हा पेंच होता. ज्या मक्काबी वीरांनीं या सर्व प्रकाराविरुद्ध बंड उभारलें, त्यांचेंच नांव पुढें यहुदी क्रीडासंघांनीं धारण केलें, आणि १९३२ सालीं तेल अवीव येथें भरलेल्या क्रीडामहोत्सवास "मक्काबिया" म्हणण्यांत आलें. इतिहासाच्या या विनोदांत आमच्या विषयाचें सर्व सार आहे.

या वैराची सर्वांत सखोल कथा तालमूदांत, बाबा मेत्सिया या प्रकरणांत आली आहे, आणि वाङ्मय म्हणून ती इतकी सरस आहे कीं तिचा थोडा विस्तारानें परामर्श घेतलाच पाहिजे. तिसऱ्या शतकांत पॅलेस्टाइनमध्यें रब्बी योहानान नांवाचे थोर व अत्यंत रूपवान आचार्य होऊन गेले. ते एके दिवशीं यार्देन नदींत स्नान करीत असतां रेश लाकीश नांवाच्या दांडग्या लुटारूनें त्यांस पाहिलें आणि त्यांच्या मागोमाग नदींत उडी घेतली. त्याचें तें बळ पाहून योहानान म्हणाले कीं हें सामर्थ्य धर्माध्ययनास लागावें. त्यानें उलट त्यांच्या रूपावर कोटी केली. तेव्हां, तूं फिरलास तर माझी बहीण तुला देईन, ती माझ्याहूनही सुंदर आहे, असें त्यांनीं वचन दिलें. लुटारूनें तें मान्य केलें. कपडे आणण्यासाठीं तो परत उडी मारूं लागला, आणि त्यास ती मारतां येईना.

हें एवढेंसें वाक्य कथाकारानें किती सहज टाकलें आहे! फ्रान्समधील अकराव्या शतकांतील भाष्यकार राशी याचा अर्थ असा लावतात कीं धर्माचें जूं मानेवर घेतांक्षणींच त्याचें बळ ओसरलें. म्हणजे, बळ ग्रंथाला दिलें तर तें शरीरांतून जातें, दोन्ही घरचा पाहुणा उपाशी राहतो, अशी जुनी भीति येथें बोलून दाखविली आहे. पण कथा येथेंच संपत नाहीं, आणि जो वाचक येथेंच थांबतो त्यानें ती वाचलीच नाहीं असें आम्ही म्हणूं. योहानानांनीं त्यास शिकविलें, मोठें केलें. पुढें एके दिवशीं पाठशाळेंत वाद निघाला : तरवार, सुरी, भाला, कोयता हीं हत्यारें "पुरीं झालीं" असें केव्हां समजावें? शुद्धाशुद्धतेचे नियम पुऱ्या झालेल्या वस्तूसच लागतात, म्हणून हा प्रश्न. योहानान म्हणाले, भट्टींत तापून निघालीं कीं पुरीं झालीं. रेश लाकीश म्हणाले, पाण्यांत बुडवून पाणीदार केलीं म्हणजे. तेव्हां गुरूच्या तोंडून शब्द निघून गेला : चोराला चोराची विद्या चांगलीच अवगत असते!

शिष्याच्या जिव्हारीं घाव बसला. तिकडेही मला लोक गुरु म्हणत आणि येथेंही म्हणतात, मग तुम्हीं माझें हित तें काय केलें, असें त्यानें विचारलें. दोघांचीं मनें दुखावलीं. रेश लाकीश आजारी पडला. बहिणीनें भावाचे पाय धरले तरी तो बधला नाहीं. आणि रेश लाकीश मरण पावला. मागाहून योहानान शोकानें व्याकूळ झाले. त्यांचें मन रमावें म्हणून एलाझार बेन पदात या विद्वानास त्यांच्याकडे पाठविण्यांत आलें. योहानान जें जें बोलत त्यास एलाझार पुष्टि देत : तुमच्या म्हणण्यास असाही एक आधार आहे. त्यावर योहानान कळवळून म्हणाले कीं, लाकीशाचा पुत्र माझ्या प्रत्येक म्हणण्यावर चोवीस आक्षेप घेई, मी चोवीस उत्तरें देत असें, आणि त्यांतून विषय विस्तार पावे. माझें म्हणणें बरोबर आहे हें काय मला ठाऊक नाहीं? ते वस्त्रें फाडून हिंडूं लागले, त्यांचें भान सुटलें, आणि शेवटीं तेही गेले.

आमच्या मतें या कथेचें मर्म तीन ठिकाणीं आहे. पहिलें, हत्यार पुरें केव्हां होतें हा वाद वस्तुतः माणूस पुरा केव्हां होतो याचाच वाद आहे. योहानानांस वाटे, विद्येच्या भट्टींतून माणूस निघाला कीं झालें. पाण्यांतून वर आलेल्या शिष्यास ठाऊक होतें कीं भट्टीनंतरही पाणी चढावें लागतें. दुसरें, त्या माणसाचें बळ कोठेंच गेलें नव्हतें. नदी ओलांडणारी ती झेंप चोवीस आक्षेपांत उतरली होती. तिसरें आणि सर्वांत कटु, गुरूनें जें बळ पाहून त्यास जवळ केलें, त्याच बळाच्या पूर्वेतिहासाचा टोमणा मारून त्यास दूर लोटलें. शरीर ग्रंथाच्या सेवेस घ्यावयाचें, पण तें कोठून आलें याची लाज बाळगावयाची, हा दुटप्पीपणा दोघांचा प्राण घेऊन गेला. कथाकारानें निकाल दिला नाहीं, आणि तीच त्याची थोरवी.

यानंतर मोशे बेन मैमून, म्हणजे मैमोनिदीज, यांच्याकडे वळलें असतां काळोख्या नदीकांठावरून एकदम स्वच्छ, झाडलेल्या दवाखान्यांत आल्यासारखें वाटतें. हे बाराव्या शतकांतील धर्मशास्त्रज्ञ. कॉर्दोव्हा येथें जन्मले, मिसर देशांत सलादिनाच्या दरबारीं वैद्य होते आणि १२०४ सालीं वारले. "मिश्ने तोरा" या आपल्या प्रचंड धर्मनिबंधांत आरंभींच, स्वभावगुणांविषयींच्या प्रकरणांत, त्यांनीं आरोग्याचे नियम घातले. भूक लागल्यावांचून जेवूं नये. पोट भरण्यास चतुर्थांश उणें असतां पानावरून उठावें. जेवणापूर्वीं अंग तापेल इतके श्रम करावे. दिवसाचा तिसरा भाग, म्हणजे आठ तास, झोंप घ्यावी. आजारी माणसास ईश्वराचें ज्ञान होणें कठीण, म्हणून शरीर निरोगी राखणें हा ईश्वराच्या मार्गाचाच भाग होय, असा त्यांचा विचार. स्वभावाचेंही त्यांनीं तसेंच केलें : कृपण माणसानें कांहीं काळ उधळेपणाकडे झुकावें आणि मग मध्यावर यावें, हा मनाचा औषधोपचारच आहे. दान एकदां मोठें करण्यापेक्षां लहान दानें पुष्कळ वेळां करावीं, म्हणजे हाताला देण्याची संवय लागते, असें त्यांनीं इतरत्र म्हटलें आहे. दंडबैठका काढणाऱ्यास हें तत्त्व निराळें समजावून सांगावें लागणार नाहीं.

पण त्यांच्या विवेचनाचा खरा कणा वेगळाच आहे. केवळ शरीर धडधाकट राहावें आणि आपलीं कामें करणारीं मुलें व्हावीं एवढ्याच हेतूनें जो हे नियम पाळतो, तो नीट मार्गावर नाहीं, असें ते स्पष्ट बजावतात. शरीर कशासाठीं, हा प्रश्न त्यांनीं व्यायामाच्या आधीं विचारला. आजचा आरोग्यसाधक हे नियम उचलतो आणि हा प्रश्न मागें ठेवतो. तेथें वैद्य राहतो व धर्मशास्त्रज्ञ गळून पडतो. तरीही या चित्रांत एक उणीव आम्हांस जाणवते, आणि ती दाखविण्यास त्यांचेंच एक पत्र पुरेसें आहे. १९ किंवा २० नव्हे, तर ११९९ सालीं, आपल्या ग्रंथाचे भाषांतरकार सम्युएल इब्न तिब्बोन यांस त्यांनीं आपला दिनक्रम कळविला. रोज सकाळीं फुस्तात येथील घरून काहिऱ्यास सुलतानाच्या वाड्यावर जावयाचें. दुपार टळल्यावर भुकेनें व्याकूळ होऊन परतावें तों घरीं रोग्यांची दाटी. त्यांची क्षमा मागून अहोरात्रांतलें एकच जेवण घाईनें उरकावयाचें. आणि रात्र पडेपर्यंत, थकव्यानें आडवें होऊन, औषधें सांगत राहावयाचें. आठ तास झोंपेचा नियम घालणाऱ्याचें हें स्वतःचें आयुष्य! यास कोणी विसंगति म्हणेल. आम्हांस उलट वाटतें कीं शरीर कशासाठीं या प्रश्नाचें उत्तर त्यांच्या नियमांहून या पत्रांत अधिक उघड झालें आहे. तें राखावयाचें तें दाराशीं बसलेल्यांवर खर्चण्यासाठीं.

अठराव्या शतकांत पादुआचे मोशे हायिम लुझात्तो यांनीं लिहिलेला "मेसिल्लात येशारीम", म्हणजे सरळांचा राजमार्ग, हा ग्रंथ १७४० सालीं आम्स्टरडॅम येथें छापला गेला. सावधपणापासून पवित्रतेपर्यंतच्या गुणांची त्यांत शिडी आहे. वाचकास ठाऊक नाहीं असें आपण कांहींच सांगत नसून ठाऊक असलेलेंच आठवून देत आहों, अशी कबुली ग्रंथकार आरंभींच देतो. हा प्रामाणिकपणा आजच्या किती लेखकांत आढळेल? उत्साहाच्या प्रकरणांत तो एक मार्मिक सूत्र मांडतो : बाहेरची हालचाल आंतील हालचाल जागी करते. मन आळसावलें असेल तर अंग चपळाईनें हलवावें. मन मागून येतें. शरीर व मन यांचा सांधा नेमका जुळविणारें एवढ्या थोड्या शब्दांतलें विधान या वाङ्मयांत आम्हांस दुसरें आढळलें नाहीं.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं मेनाहेम मेंदेल लेफीन यांनीं "हेश्बोन हानेफेश", म्हणजे जिवाचा हिशेब, हें पुस्तक लिहिलें. यांत तेरा गुण, प्रत्येकास एक आठवडा, वर्षांतून चार आवर्तनें, आणि चुकांची नोंद करण्यास रकाने आंखलेली वही. ही युक्ति बेंजामिन फ्रँक्लिनच्या आत्मचरित्रांतून घेतलेली आहे. माणसांतील पशुजीव हुकमानें सुधारत नाहीं, जनावराप्रमाणें त्यास हळूहळू वळण लावावें लागतें, हा लेफीनचा विचार चांगलाच आहे, आणि व्यायामाची वही ठेवणाऱ्या आजच्या तरुणाचा तो खरा पूर्वज होय. पण वहीचा दोष असा कीं ती उलटून बोलत नाहीं. तींत लिहिणाराही आपण आणि वाचणाराही आपण. फ्रँक्लिननेंच सांगून ठेवलें आहे कीं त्याच्या मूळ यादींत बाराच गुण होते. तुला लोक गर्विष्ठ समजतात, असें एका क्वेकर स्नेह्यानें सांगितलें तेव्हां नम्रता हा तेरावा गुण तींत आला. वहीला जें वर्षानुवर्षें सांगतां आलें नसतें, तें मित्राच्या एका वाक्यानें सांगितलें!

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटीं मात्र शरीराची बाजू घेऊन एक नवाच वकील पुढें आला. माक्स नोर्दाउ हे पेशानें वैद्य व पेनानें टीकाकार. १८९८ सालीं बासल येथील दुसऱ्या झायनवादी परिषदेंत त्यांनीं "स्नायूंचा यहुदी धर्म" अशी घोषणा केली आणि १९०० सालीं त्याच विषयावर लेख लिहिला. अरुंद गल्ल्या, अंधारीं घरें आणि शेंकडों वर्षांची भीति यांनीं यहुद्यांचीं शरीरें खुरटलीं. आतां छाती रुंद झाली पाहिजे, हें त्यांचें म्हणणें. त्यामागील कळकळ खरी आहे व निदानही बरेंचसें खरें आहे. परंतु त्यांच्या लेखनांत पाठशाळा उपायांत दिसत नाहीं. ती रोगाच्या यादींतच जमा झाल्यासारखी वाटते. शिवाय हें बळ कोणास तरी दाखविण्यासाठीं आहे. व्हिएन्नाचा "हाकोआ" हा संघ १९०९ सालीं निघाला आणि १९२५ सालीं ऑस्ट्रियाच्या फुटबॉलचें विजेतेपद त्यानें मिळविलें. पण १९३८ सालीं नाझींनीं तो मोडून टाकला. द्वेष्ट्याचें मन स्नायू पाहून पालटत नाहीं. त्या संघाची खरी शोभा आम्हांस दुसऱ्याच प्रसंगांत दिसते. जुडिथ डॉइच, रूथ लांगर आणि लूसी गोल्डनर या तिच्या तिघी जलतरणपटूंनीं १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकांत पोहण्यास नकार दिला आणि त्याबद्दल बंदीची शिक्षा सोसली. बापानें मुलास पोहावयास शिकवावें, कारण त्यावर त्याचा जीव अवलंबून असतो, असें तालमूदांत एक मत आहे. या मुलींनीं पोहणें कोठें थांबवावें हेंही दाखविलें. स्नायू आणि विवेक एका देहांत कसे नांदतात, याचें याहून चांगलें उदाहरण नोर्दाउंच्या लेखांत नाहीं.

रब्बी अब्राहाम इसहाक कूक यांनीं हें तुटलेलें सांधण्याचा धाडसी प्रयत्न केला. १९२० सालीं प्रसिद्ध झालेल्या "ओरोत" या ग्रंथांत, पवित्र भूमींतील तरुण जो व्यायाम करतात त्यानें साधुपुरुषांच्या आत्मिक बळाची वाढच होते, असें त्यांनीं लिहिलें, आणि दावीद राजा व त्याचा सेनापति यवाब यांचा दाखला दिला. यरुशलेमेंतील कर्मठांनीं यावर मोठें काहूर उठविलें. कूक यांचें औदार्य निर्विवाद आहे. पण बारकाईनें पाहिलें तर त्यांनीं काम वांटून दिलें आहे : एकानें स्तोत्रें म्हणावीं, दुसऱ्यानें तरवार चालवावी, राष्ट्र दोघांचें. राष्ट्राचा प्रश्न यानें सुटत असेल. पहाटे उठून ग्रंथही वाचणाऱ्या व अंगही घामेजवणाऱ्या एकट्या माणसाचा सुटत नाहीं.

मग तो कसा सुटतो? आम्हांस पुन्हां नदीकांठीं जावें लागतें. यहुदी अध्ययनाची जुनी रीत जोडीनें वाचण्याची आहे. दोघे समोरासमोर बसतात, मोठ्यानें वाचतात, आणि एकानें अर्थ लावला कीं दुसरा तो मोडूं पाहतो. आपल्या तालमींतील भाषा वापरावयाची तर ही जोड होय. एकट्यानें जोर काढून अंग तयार होतें. कुस्ती मात्र जोडीशिवाय येत नाहीं, आणि जोड आपल्याहून हलकी असेल तर येते ती विद्या नव्हे, आढ्यता. बळ मग तें दंडाचें असो वा मनाचें, विरोधावर वाढतें. एलाझारानें योहानानांस पुराव्यांची रास दिली आणि ते खंगले. रेश लाकीशानें चोवीस आक्षेप घेतले आणि ते वाढले. येथें शरीर व ग्रंथ यांचें जुनें वैर मिटतें, कारण दोहोंचा कायदा एकच निघतो. वही, आरसा आणि वजनकांटा हे तिघेही एलाझारच आहेत.

मूसार म्हणजे शीलशिक्षण; त्याची चळवळ उभारणारे लिथुएनियाचे इस्राएल सालांतेर (मृत्यु १८८३) यांनीं हें ओळखलें होतें असें आम्हांस वाटतें. लेफीनची वही त्यांनीं मानली, परंतु शीलाचे ग्रंथ एकत्र जमून मोठ्यानें वाचण्यासाठीं स्वतंत्र घरें असावीं असाही आग्रह धरला. त्यांच्याविषयीं अशी आख्यायिका सांगतात कीं, जेवणापूर्वीं हात धुण्याच्या विधींत ते अगदीं थोडें पाणी वापरीत. सढळ पाणी वापरणें अधिक पुण्याचें, मग असें कां, असें कोणीं विचारलें तेव्हां त्यांनीं पाणी वाहून आणणाऱ्या मोलकरणीकडे बोट दाखविलें. दुसऱ्याच्या खांद्यावर बसून धार्मिक होऊं नये, हा त्यांचा भाव.

त्या मोलकरणीच्या खांद्यावरील घागरीचें वजन आमच्या तरुण वाचकानें आपल्या दोन्ही वह्यांत नोंदवावें, अशी आमची सूचना आहे. व्यायामानें आलेल्या बळांतून ती घागर कांहीं हलकी झाली काय, आणि वाचलेल्या ग्रंथांतून ती दिसूं तरी लागली काय, हा तो हिशेब. आणि तो एकट्यानें मांडूं नये. चोवीस आक्षेप घेणारा एखादा स्नेही शोधावा. सांपडल्यास त्याला त्याच्या जुन्या आयुष्यावरून कधीं टोमणा मारूं नये.